माणिकची टाचणी आणि माझी राणी

माणिकच्या सदऱ्याच्या कॉलरला एक बारीक टाचणी कायम खोचलेली असते. लग्नात, अंत्यविधीला, तहसील कचेरीत, कोठेही. रेणापुरातले लोक सांगतात की ती त्याने चांदीची घडवून घेतली आहे. हे धादांत खोटे आहे. ती शिंप्याकडची साधी टाचणी आहे आणि ती त्याला मी दिली होती. एवढी क्षुल्लक गोष्टही लोकांना नीट सांगता येत नाही, म्हणून माणिकविषयी मीच लिहिणे भाग आहे.

माणिक माझा मेव्हणा, माझ्या पत्नीचा धाकटा भाऊ. तो मधमाश्या पाळतो. मीही पाळतो, आणि त्याच्या आधीपासून पाळतो. पण मधमाश्यांचा विषय निघाला की तालुक्यात नाव निघते ते त्याचे. त्या टाचणीने तो माश्यांची परीक्षा घेतो. पोळ्याच्या झाकणबंद घरांत वाढणाऱ्या काही अळ्या टोचून मारायच्या, ती पोळ्याची चौकट पेटीत परत ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी येऊन पाहायचे. माश्यांनी झाकणे फोडून मेलेल्या अळ्या बाहेर टाकल्या असतील तर पेटी पास. तशाच राहू दिल्या असतील तर नापास. घर साफ ठेवणाऱ्या माश्यांत रोग टिकत नाही, हे त्याचे म्हणणे मला मान्य आहे. ते त्याच्या आधी मी वाचले होते.

परंतु हे पेटीपुरते ठेवील तर तो माणिक कसला! "मध समदेच दावत्यात दाजी. मढं कोण उचलतंय ते बघा," हे त्याचे पालुपद. हॉटेलात शिरण्यापूर्वी तो मागची मोरी पाहून येतो. माझ्या मुलीसाठी आम्ही कंधारला स्थळ पाहायला गेलो, तेव्हा याने ऐन पोह्यांच्या वेळी ओसरीवर केळ्याची साल टाकली आणि मांडी घालून स्वस्थ बसला. मुलाचे काका साल ओलांडून गेले. वडीलही ओलांडून गेले. मुलगा चहाचा ट्रे घेऊन आला, त्याने ट्रे खाली ठेवला आणि साल उचलून बाहेर टाकली. माणिकने माझ्या मांडीला चिमटा काढला. "दाजी, पास!"

आज सगळे नातेवाईक सांगतात की ते लग्न माणिकच्या सालीने जमले. मी अख्खा पावसाळा कंधारात चौकशी करत हिंडत होतो, हे कोणाच्याही लक्षात नाही.

मागे आमच्या भागात माश्यांचा तो रोग आला, ज्यात अळीची पाण्याने भरलेली पिशवी होते आणि ती घरातच कुजते. पेट्यांमागून पेट्या रिकाम्या झाल्या. तेव्हा मधपाळांनी ठरवले की एकच उत्तम वसाहत निवडावी आणि तिच्या राणीच्या लेकी सर्वांच्या पेट्यांत घालाव्यात. यात निवडायचे काय होते? शेवग्याखालची माझी पेटी सर्वांनी पाहिलेली होती. करडईच्या हंगामात तिच्याइतका मध कोणाचा नसे, आणि तोंडावर जाळी न घेता ती उघडता येई. तिची राणी तांबूस, लांबसडक; ओळखू यावी म्हणून तिच्या पाठीवर मी नातीच्या गुलाबी नेलपॉलिशचा ठिपका दिला होता.

माणिकने टाचणी काढली. दुसऱ्या दिवशी सर्वांसमोर चौकटी उघडल्या. माझ्या चौकटीत मेलेल्या अळ्या जागच्या जागी होत्या. त्याची काळपट, चिडकी, सरपंचांच्या नाकाला चावलेली वसाहत मात्र घरे लख्ख करून बसली होती.

"दाजी, नापास."

"पुन्हा घे परीक्षा. काल वारा फार होता."

"वारा भाईर व्हता दाजी. पेटीत न्हवता."

लोक हसले. मी रागावून निघून गेलो, असे सांगितले जाते. मला लातूरची बस गाठायची होती. ती उशिरा आली आणि मी फाट्यावर बसून राहिलो, हा भाग वेगळा.

नापास पेटीची राणी काढून तिथे नवी घालायची असे ठरले होते. मी साफ नकार दिला. पण पत्नी म्हणाली, "माणक्या म्हनतोय तर काहीतरी असंल की." इतक्या वर्षांच्या संसारात माझ्याविषयी हे वाक्य तिने एकदाही उच्चारलेले नाही. काड्यापेटी तिनेच आणून दिली. माणिकने माझी राणी तिच्यात ठेवली आणि म्हणाला, "मी बघतो तिचं." आमच्या धंद्यात याचा अर्थ एकच, दोन बोटांत धरून चिरडणे. भाऊबीजेला तो घरी आला तेव्हा मी आतल्या खोलीत जेवलो. नव्या राणीची पेटी निरोगी राहिली, याची आठवण लोक मला वरचेवर करून देतात.

संक्रांतीनंतर पत्नीने गुळाच्या पोळ्या देऊन मला त्याच्या शेतावर पाठवले. तो आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या खोपीत, नव्हता. ओढ्यापलीकडे, जिथे तो कोणाला येऊ देत नाही, तिथे बाभळींखाली काही लहान पेट्या मांडलेल्या होत्या. माणिक उकिडवा बसला होता. मांडीवर चौकट, हातात चिमटा. मेलेल्या अळ्या तो एकेक करून बाहेर काढत होता. चौकटीवर एक राणी फिरत होती आणि तिच्या पाठीवर गुलाबी ठिपका होता.

"मारली नाहीस?"

तो दचकला. "धरली व्हती दाजी बोटांत. फुडं हात चालंना."

"आणि या बाकीच्या?"

"समद्या नापासच हायत. नराच्या अळ्या कापून टाकतो, ह्यांचा वंश वाढू देत न्हाई. पर सोताचं आवरत न्हाई म्हनून टाकून द्यायचं व्हय?"

त्याची पत्नी कमल कितीतरी वर्षे अंथरुणाला खिळून होती. ती गेली तेव्हा माणिक रडला नाही, दगडाच्या काळजाचा माणूस, असे रेणापुरात अजून बोलतात. मी त्या अंथरुणाशेजारी बसलेलो आहे. चादर प्रत्येक वेळी धुतलेली असे आणि तिला उन्हाचा वास येई. घरात त्या दोघांखेरीज तिसरे माणूस नव्हते.

"अक्काला सांगू नका दाजी."

मी सांगितलेले नाही. भावाचे कौतुक करायला तिला आणखी एक कारण मी का पुरवावे? हे लिहून ठेवण्यात धोका नाही; माझे लेखन ती वाचत नाही.

त्याने चिमटा माझ्यापुढे केला. "धरा. तुमचीच लेकरं हायत."

आता बाजारच्या दिवशी मी पेन्शनच्या कामाला म्हणून निघतो आणि ओढा ओलांडतो. तो एक चौकट घेतो, मी एक. माणिकचा हात हल्ली थरथरतो, माझा थरथरत नाही. परवा माझी चौकट उन्हाकडे धरून तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "दाजी, तुमी पास."

याला साक्षीदार कोणी नाही, हीच मोठी अडचण आहे.