चावी काढली तरी चालू

गाडी चोरायला कुणी आला आणि ती आधीपासूनच चालू असली, तर त्याला चोर म्हणायचं की ड्रायव्हर? या एका प्रश्नाने मोहिनीची आठवडाभराची झोप उडवली होती.

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटेल. (तिच्या नवऱ्याने, भूपेंद्रने, नेलाच. हसला, कूस बदलली आणि घोरायला लागला.) पण त्याचं मूळ भूपेंद्रच्याच उद्योगात होतं. त्याने आपल्या डिझेल गाडीला टर्बो टायमर बसवून घेतला होता. धुळ्याहून जळगावला गाडी ताणून आणली की इंजिनातला टर्बो लालबुंद तापतो आणि तशीच गाडी बंद केली तर तो जळतो, असं मोबाइलवरच्या एका गृहस्थाने त्याला पटवलं होतं. तेव्हापासून भूपेंद्र चावी काढून खाली उतरायचा आणि इंजिन आपलं चालूच राहायचं. डॅशबोर्डवर तांबडे आकडे तीन मिनिटांपासून उलटे उतरत यायचे आणि शून्य झालं की गाडी स्वतःच्या मर्जीने बंद व्हायची.

टर्बोला काय फायदा झाला ते टर्बोच जाणे. पण चालू गाडी सोडून चार पावलं टाकणं खानदेशात कुणालाही जमलेलं नाही. अमळनेरला चहाला उतरले, तर टपरीवाला, पेपरवाला आणि समोरच्या सलूनमधला अर्धी दाढी झालेला माणूस असे तिघं एकदम धावले, "भाऊ, गाडी चालू राहिली!" पारोळ्याला तर एका म्हाताऱ्या बाईंनी भूपेंद्रचा शर्टच धरला. भूपेंद्र प्रत्येकाला थांबवून टर्बो समजावून सांगायचा. समजावणं संपेपर्यंत तीन मिनिटं व्हायची, गाडी बंद व्हायची, आणि ऐकणारा हळहळायचा, "घ्या. पडली ना बंद?"

मोहिनीला मात्र त्या तीन मिनिटांत फक्त चोर दिसायचे. तिने रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं आणि चार वर्षांच्या उर्वीची ती आई होती. यातल्या पहिल्या गोष्टीने तिला शक्यता मोजायला शिकवलं होतं आणि दुसरीने त्यातली सगळ्यात वाईट शक्यता निवडायला.

शेवटी ती जळगावात गाड्यांचं सामान बसवणाऱ्या हितेंद्रच्या दुकानात गेली आणि म्हणाली, "अलार्म बसवा."

"टायमर आहे ना मॅडम गाडीला? मग दोघांचं पटत नाही," हितेंद्र म्हणाला. "इंजिन चालू दिसलं की अलार्मला वाटतं, मालक आत बसलाय. तो लागतच नाही. आणि जबरदस्ती लावला, तर इंजिन थरथरतं त्यालाच चोर समजून बोंबलतो."

"म्हणजे काहीच उपाय नाही?"

"आहे ना. टायमरची वायर अलार्मला जोडून देतो. चावी निघाली की मालक गेला, असं तो समजेल. इंजिन चालू असलं तरी. थरथर माफ. पण आत कुणी हललं की सुरू."

"मोठ्याने?"

"मॅडम, गल्लीत नवीन भाडेकरू टिकणार नाही."

मोहिनीला बरं वाटलं. पण बरं वाटलं की तिला लगेच पुढची शंका येते. "आणि मीच लॉक करायला विसरले तर?"

"दारं लागली की मिनिटाभरात आपोआप लॉक."

"आपोआप म्हणजे नक्की ना? माझ्यावर काही ठेवू नका."

हितेंद्रने तिच्यावर काही ठेवलं नाही. दुसरी चावी मोहिनीने घरी कपाटाच्या आतल्या खणात ठेवली, त्या खणाला कुलूप लावलं आणि पहिल्यांदाच शांत झोपली. दारं लॉक करताना चावी कुठे आहे, हे मात्र अलार्म कुणालाच विचारत नाही. आणि हा प्रश्न, एवढ्या सगळ्या प्रश्नांत, मोहिनीला सुचला नाही.

रविवारी धुळ्याला डिंपलचा साखरपुडा होता. डिंपल म्हणजे भूपेंद्रची धाकटी बहीण. ती मोठ्या गाडीतून बाकीच्या पाहुण्यांबरोबर मागून येणार होती. फळं, साडी आणि मिठाईची ताटं घेऊन हे चौघं पुढे निघाले होते: भूपेंद्र, मोहिनी, सासूबाई सुमनबाई आणि मागच्या सीटवर उर्वी. पारोळ्यानंतर उर्वी झोपली. मार्च संपत आला होता, ऊन चांगलंच तापलं होतं, पण गाडीत एसी होता.

मुलाकडच्यांच्या दारात मांडव होता. भूपेंद्रने गाडी लिंबाच्या सावलीत लावली, चावी काढून मोहिनीच्या हातात दिली आणि तो उतरला तोच मुलाच्या आजोबांनी, उखर्डू आबांनी, त्याला मिठीत घेतलं. सुमनबाई पदर सावरत पुढे गेल्या. मोहिनीने मागे पाहिलं. उर्वी गाढ झोपलेली. इंजिन तीन मिनिटं चालणारच आहे, एसीही चालणार, तेवढ्यात दोन ताटं दारापर्यंत ठेवून यावीत, असा तिने हिशेब केला. (या हिशेबाला नंतर तिने बरीच नावं दिली. त्यातलं इथे देण्यासारखं एकही नाही.) ताटं उचलायला दोन्ही हात लागले म्हणून चावी पुढच्या सीटवर ठेवली. आणि दार कंबरेने ढकलून लावलं.

मांडवाच्या तोंडाशी मुलाची आत्या बेबाबाई तांब्या आणि आरतीचं ताट घेऊन उभी होती.

"आलेच हं, मुलगी गाडीत आहे," मोहिनी ताटं टेकवून वळली.

"असं कसं?" बेबाबाईने तिचं मनगट पकडलं. "दारात आलेली व्याह्यांची सून पायावर पाणी घेतल्याशिवाय मागे फिरते का? थांबा!"

पायावर पाणी झालं. कुंकू झालं. ओवाळणं झालं. बेबाबाई भाकरीचा तुकडा तिच्यावरून उतरवत असतानाच मागून आवाज आला: टुक.

मोहिनीला तो आवाज चांगला ओळखीचा होता. तो तिनेच मागून घेतला होता.

ती धावली. दार ओढलं. बंद. दुसरं ओढलं. बंद. मागची दारं आतून उघडतच नव्हती, कारण त्यांचं चाइल्ड लॉक मोहिनीने गाडी घेतली त्या दिवशीच लावलं होतं. आत सीटवर चावी, डॅशबोर्डवर तांबडे आकडे खाली खाली येत असलेले, आणि मागे उर्वी डोळे चोळत उठून बसलेली.

उर्वी हलली. अलार्म सुरू झाला.

हितेंद्र खोटं बोलला नव्हता. मांडवातले आचारी बाहेर आले. समोरच्या गच्चीवर माणसं आली. उखर्डू आबांनी भूपेंद्रला सोडलं आणि ते ओरडले, "भो, तुनी गाडी चालूच ऱ्हायनी!"

"आबा, तो टर्बो..." भूपेंद्र सवयीने म्हणाला आणि मग त्याला काच दिसली. "मोहिनी, चावी?"

मोहिनीने बोट दाखवलं.

"दुसरी?"

"कपाटात. सुरक्षित आहे."

"माय वं! पोर मझार शे!" आबा काचेतून आत बघत गरजले आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसाला न शोभणाऱ्या वेगाने घरात जाऊन वरवंटा घेऊन आले. "बठ्ठा बाजूले सरका! कोनती काच फोडू?"

"कोणतीही फोडा!" मोहिनी किंचाळली.

"पुढची नको, पुढची महाग असते," कुणीतरी म्हणालं.

"मागची फोडली तर काचा पोरीवर पडतील."

"बाजूची छोटी फोडा. ती तिकोनी."

"तिकोनी मिळतच नाही. माझ्या मेहुण्याने चार महिने वाट पाहिली."

आबा वरवंटा उगारून गाडीभोवती फिरत होते आणि त्यांच्यामागे सल्लागारांचं टोळकं. आत उर्वी दोन सीटच्या मधून पुढे आली होती, चावीच्या शेजारी बसली होती, आणि बाहेर चाललंय ते मन लावून पाहत होती. रडत नव्हती. मोहिनीला तेही काळजीचंच वाटलं.

"उर्वी, चावी घे! बटन दाब!"

अलार्मपुढे तिचा आवाज तिला स्वतःलाही ऐकू येईना. मग तिने खुणा सुरू केल्या. हातात चावी धरल्यासारखं केलं, अंगठा दाबून दाखवला, दोन्ही हातांनी दार उघडून दाखवलं. उर्वीने मान तिरकी केली. मोहिनी उड्या मारत अंगठा दाबू लागली. तिच्या शेजारी भूपेंद्र अंगठा दाबू लागला. सुमनबाईंचे गुडघे दुखतात, पण त्यासुद्धा पदर खोचून, डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे अंगठे दाबू लागल्या. बेबाबाईच्या एका हातात आरतीचं ताट होतं, तिने दुसरा हात चालवला. नवरदेव हेमराज शेरवानीत घामाघूम होऊन सामील झाला. गच्चीवरच्यांना काय चाललंय ते माहीत नव्हतं, पण त्यांनीही अंगठे दाबले.

उर्वीने टाळ्या वाजवल्या. अलार्मने नव्याने सूर लावला.

आकडे एका मिनिटाच्या खाली आले. इंजिन बंद झालं की एसी बंद, आणि मग लिंबाच्या सावलीचा भरवसा किती वेळ? आणि तेवढ्यात, का कोण जाणे, मोहिनीला स्वच्छ दिसलं. ओरडून सांगितलेली एकही गोष्ट या मुलीने आजवर केलेली नव्हती. दुसऱ्याच्या हातात पाहिलेली प्रत्येक गोष्ट मात्र तिला हवी असायची.

"थांबा!" मोहिनीने दोन्ही हात वर केले. "सगळे एकदम थांबा! कुणी हलू नका!"

गल्ली थांबली. आबांचा वरवंटा हवेत थांबला.

"हेमराजभाऊ, तुमच्या गाडीची चावी द्या."

हेमराजची गाडी समोरच उभी होती, झेंडूच्या माळा घातलेली. मोहिनीने चावी घेतली, काचेसमोर ताठ उभी राहिली, उर्वीकडे न पाहता, जणू आपल्याच मजेसाठी, तिने बटन दाबलं. हेमराजच्या गाडीचे दिवे लखलखले. पुन्हा दाबलं. पुन्हा लखलखले. मोहिनी स्वतःशीच हसली, अगदी हेवा वाटावा असं.

उर्वीने त्या गाडीकडे पाहिलं. आईकडे पाहिलं. थांबलेल्या सगळ्या लोकांकडे एकदा नीट पाहिलं. मग सीटवरची चावी उचलली आणि अंगठा दाबला.

टुक-टुक. अलार्म गप्प. दारांचे खटके वर.

गल्लीत जो आवाज झाला त्यापुढे अलार्म काहीच नव्हता. मोहिनीने दार उघडून उर्वीला उचललं आणि इतकं घट्ट धरलं, की बेबाबाईला भाकरीचा तुकडा दोघींवरून एकत्रच ओवाळून टाकावा लागला. आबांनी वरवंटा खाली ठेवला, जरा हिरमुसूनच. बायकांनी मोहिनीला घेरलं. आणि सुमनबाईंनी, सूनबाई फार काळजी करते असं गेली सहा वर्षं सगळ्या नातेवाइकांना सांगत आलेल्या सुमनबाईंनी, व्याह्यांसमोर मान ताठ करून सांगितलं, "आमची मोहिनी शिकलेली आहे हो. डोकं बघा कसं चालवलं! बाकीचे नुसते काच फोडायला निघाले होते."

"खरी गोट शे," आबा म्हणाले. "मले तं सुचतंच नै."

हेमराजने आपली चावी दोन्ही हातांनी परत घेतली, मानाची वस्तू घ्यावी तशी. भूपेंद्रने बायकोकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर आजवर फक्त टर्बोसाठी राखीव होती. मोहिनीला वाटलं, आज आपण जिंकलो. आपल्याला मूल कळतं. या विषयावर आपण चार आयांना चांगलं बोलून दाखवू शकतो, हेही तिला त्याच दमात वाटून गेलं.

गर्दी ऐकत होती म्हणून तिने जरा मोठ्यानेच विचारलं, "उर्वी, आईने दाखवलं तेव्हा कळलं ना गं, कोणतं बटन दाबायचं ते?"

"मला आधीपासून येतं," उर्वी म्हणाली. "बाबा रोज मलाच दाबायला देतात."

मोहिनीचा आवाज आपोआप खाली आला. "मग इतका वेळ दाबलं का नाहीस?"

"तुम्ही सगळे इतकं छान नाचत होतात ना! मग तू मधेच बंद केलंस, म्हणून आले मी बाहेर."