चार वाजून दहा मिनिटांचा केक

डॉक्टरांनी हेडक्लार्कसाहेबांना तीन महिन्यांची मुदत दिली. तेवढ्यात रक्तातली साखर उतरली नाही, तर रोज इंजेक्शन. साहेबांना सुईचं नाव काढलं तरी घाम फुटायचा. त्यांच्या बायकोचेही गुडघे कुरकुरायला लागले होते. म्हणून लेक दोन दिवसांची रजा काढून आली, दोघांच्याही फोनवर खाण्याची नोंद ठेवणारं अ‍ॅप टाकून गेली आणि जाताना म्हणाली, खाल्लं की लिहायचं, बाकी सगळं ते बघतं.

पहिल्या दिवशी साहेबांनी चहापुढे नुसता 'एक' लिहिला. अ‍ॅपने तो एक लिटर धरला. दुसऱ्या दिवसापासून ते कप, चमचा, तुकडा तपासून लिहू लागले. तरी दुपारी बारा वाजले की पडदा लाल: 'आजची मर्यादा ओलांडली.' साहेबांनी अंडं अर्धं केलं, मग पावाचा एक तुकडा सोडला, मग चहाही अर्धाच घेतला. लाल ते लालच. पण एवढ्याशा खाण्यावरही आपली मर्यादा ओलांडली जातेय, हे बायकोला सांगायची त्यांना लाज वाटली. वाचनालयात काम करणाऱ्या बायकोचा पडदाही लालच व्हायचा. तिलाही तशीच लाज वाटली.

आठवडाभराने ऑफिसात एकाला बढती मिळाली आणि दुपारी चारला चॉकलेटचा केक आला. उपाशी साहेबांनी फायलींच्या कपाटाआड उभं राहून एक मोठा तुकडा संपवला, रुमालाने मिशी पुसली आणि अ‍ॅपला त्यातलं काहीही कळवलं नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी पहिल्यांदाच दिवसाची यादी उघडली. त्यात लिहिलं होतं: 'केक, चॉकलेटचा, मोठा तुकडा एक, चार वाजून दहा मिनिटं.'

साहेबांनी फोन बंद करून पुन्हा चालू केला. केक जागेवरच होता. ते तसेच स्वयंपाकघरात गेले. बायको काकडी चिरत होती.

"त्याला सगळं कळतं," ते हळूच म्हणाले.

"कुणाला?"

फोन पुढे करून साहेबांनी केक कबूल केला. एकदा तोंड उघडल्यावर मग ऑफिसातल्या टेबलाच्या खणातली बिस्किटं बाहेर आली आणि शिपायाकडून गुपचूप मागवलेला साखरेचा चहाही. बायकोने केकची ओळ वाचली आणि तिची सुरी थांबली. त्याच दुपारी वाचनालयात एका सभासदाच्या वाढदिवसाचा केक तिने खाल्ला होता आणि प्रामाणिकपणे, वेळेसकट, लिहिलाही होता.

गॅलरीत जाऊन तिने लेकीला फोन लावला. घाईत दोन्ही फोन एकाच खात्यावर चालू झाले होते, आणि अ‍ॅप दोघांचं जेवण एकाच पोटात घालत होतं. लेक ओशाळली, दोन मिनिटांत वेगळं करून देते म्हणाली.

"राहू दे," आई म्हणाली. "रिपोर्ट येईपर्यंत हात लावू नकोस."

त्या दिवसापासून तिने आपलं खाणं वहीत लिहायला सुरुवात केली, त्यामुळे साहेबांना पोटभर जेवता येऊ लागलं. पण चोरून खाणं संपलं. बिस्किटाचा डबा त्यांनी आपल्या हाताने शिपायाला देऊन टाकला. सहकाऱ्यांनी आग्रह केला की ते खिशातल्या फोनकडे बोट दाखवून नको म्हणत.

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला. इंजेक्शन टळलं. डॉक्टरांनी साहेबांच्या मनोनिग्रहाचं कौतुक केलं आणि साहेबांनी ते संकोच न करता स्वीकारलं. आता रोज थोडं चाला, एवढंच डॉक्टर म्हणाले. साहेब 'हो' म्हणाले आणि पुढचे चार दिवस सोफ्यावरून हलले नाहीत.

लेकीने फोनवर विचारलं, आता खाती वेगळी करू का? आईने हॉलकडे एक नजर टाकली आणि थांब म्हणाली. मग आपला फोन घेऊन तिने टाइप केलं: 'चालणं, चाळीस मिनिटं.'

सोफ्यावर साहेबांचा फोन वाजला. अ‍ॅप त्यांचं अभिनंदन करत होतं. साहेबांनी ती चाळीस मिनिटं दोनदा वाचली. मग उठून दाराशी गेले आणि बूट चढवू लागले.

"का हो, कुठे निघालात?" तिने विचारलं.

"नोंद झालीय," साहेब खालमानेने नाडी बांधत म्हणाले, "काम राहिलंय."