उणे चाळीस

जळकोटच्या शाळेतल्या पर्जन्यमापकाचं काम नववीतल्या हरणाकडं होतं, आणि वीरप्पा गुरुजींचा नियम एकच होता, "आभाळाकडं बघायचं न्हाय, मापाकडं बघायचं. आभाळ फसवतं, माप न्हाय!"

रोज सकाळी आठला माप वाचायचं आणि पोस्टातून धाराशिवला फोन करायचा. तिथं सहकारी संघानं नवाकोरा कंप्युटर आणला होता. गावोगावचा पाऊस त्याच्या पोटात टाकला, की कुठं किती टँकर पाठवायचे ते तोच ठरवायचा. पोटात तो करतो तरी काय, याचं हरणाला भारी कुतूहल. पण दुष्काळ असा, की दोन महिने तिच्याकडं आकडा एकच. शून्य! त्याबदल्यात रोज एक टँकर.

मंगळवारी मात्र मापात चाळीस मिलिमीटर पाणी निघालं. बाहेर फुफाटा उडत होता.

"गुरुजी, पाऊस तर पडलाच न्हाय की!"

"माप काय म्हणतंय?"

"चाळीस."

"मग चाळीसच. कर फोन!"

बुधवारी टँकर आला नाही. घागरींची रांग उन्हात तशीच तापत राहिली. रांगेत शाळेत पाणी भरणाऱ्या कोंडामावशी होत्या. त्या म्हणाल्या, "चिमण्या त्या मापाच्या नरसाळ्यात सारख्या डोकवत हुत्या गं. सोमवारी सांजच्याला म्याच तांब्याभर वतलं. मुक्या जिवाला पाणी, दुसरं काय!"

हरणानं कपाळाला हात लावला आणि त्या दिवसाचा आकडा फोनवर न कळवताच गुरुजींना घेऊन थेट धाराशिवची यष्टी पकडली.

कंप्युटरची खोली गारेगार. चपला बाहेर. गुरुजींनी तर आत शिरताना हातही जोडले. पण यंत्र चालवणारा व्यंकट म्हणाला, "एकदा पडलेला पाऊस माघारी घेता येत न्हाय, गुरुजी. ह्यात खोडायची सोयच न्हाय."

"व्यंकटदादा, हा आभाळाकडं बघतो का?" हरणानं विचारलं.

"न्हाय. त्या दिवसाचा आकडा बघतो. पाऊस कमी, की टँकर जास्त."

"शून्याच्या खालचा आकडा चालतो?"

व्यंकट डोकं खाजवू लागला. "ते अजून कुणी इचारलंच न्हाय."

"मग काल चाळीस, आज उणे चाळीस. फिट्टंफाट!"

व्यंकटनं बटणं दाबली. यंत्र लई वेळ करकरलं आणि कागद बाहेर आला. व्यंकटनं तो दोनदा वाचला.

"जळकोट... पाच टँकर!"

दुसऱ्या दिवशी पाच टँकर आले. घागरी, काहिली, पाळण्याखालची बादलीसुद्धा भरली. पण पाचव्या टँकरमागून एक जीपही आली. संघाचे मोठे साहेब उतरले.

"पाऊस खालून वर जातो, ते गाव हेच ना? कुठं मोजता?" असं म्हणून त्यांनी आभाळाकडं मान वर केली.

"आभाळाकडं नगा बघू, साहेब!" गुरुजी सवयीनं बोलून गेले. "मापाकडं बघा."

साहेबांनी मापक उघडला. आत काठोकाठ पाणी.

"आज पाणी लई हाय," मागून कोंडामावशी कौतुकानं म्हणाल्या. "म्हटलं, चिमण्यांना बी पोटभर मिळू दे."

साहेबांनी खिशातून पेन काढलं. हरणा मात्र आभाळाकडं बघू लागली.