सहावं बोट

इस्पितळाच्या धुलाईघरातल्या अकरा बायकांना एका चिठ्ठीनं घरी बसवलं, तेव्हा बाकीच्यांनी काम बंद केलं. त्यांच्यातल्या एकीचा नवरा पेंटर होता. समोरच्या भिंतीवर एक वळलेली मूठ काढून द्या, असं तिनं त्याला फर्मावलं. पेंटरचा सगळा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेलेला. हात त्यानं कधी काढलाच नव्हता. पण बायकोला नाही म्हणायची सोय नव्हती. डावी मूठ डोळ्यांसमोर धरून उजव्या हातानं त्यानं दुपारभरात पुरुषभर उंचीची लाल मूठ उभी केली.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी बोटं मोजली. अंगठा धरून सहा भरली.

पेंटरला तोंड कुठं लपवू असं झालं. पण काढून टाकलेल्यांपैकी सगळ्यात वयस्क मावशी भिंतीकडे बघत म्हणाल्या, "पाच बोटं आत राहिलेल्यांची. सहावं आम्हा अकरा जणींचं."

झालं. बायका हातमोज्यांना चिंध्यांचं सहावं बोट शिवून घोषणा देऊ लागल्या. वर्तमानपत्रात फोटो आला. पेंटरच्या बायकोची मान ताठ झाली.

पेंटरची मात्र खाली गेली. चहाच्या दुकानात इतर पेंटर त्याची टर उडवू लागले. एका गिऱ्हाइकानं तर पाटीचं काम देताना अक्षरं मोजून काढा, असं बजावलं. आठवडाभर त्यानं सोसलं. मग एका दुपारी बायका जेवायला गेलेल्या बघून त्यानं शिडी लावली आणि पांढऱ्या रंगाचे दोन हात मारून ते बोट पुसून टाकलं.

नेमकी त्याच दुपारी इस्पितळाच्या साहेबांबरोबर तडजोडीची बैठक होती. बायकांनी भिंत बघितली आणि बैठकीकडे पाठ फिरवली. आपलं बोट साहेबांनीच छाटलं, याबद्दल कुणालाच शंका उरली नाही. साहेब शपथा घेऊन दमले. पेंटर गप्प राहिला. अखेर तीन आठवड्यांनी साहेबांनी लेखी हुकूम काढला, की 'भिंतीवरील सहावे बोट पूर्ववत करण्यात यावे.' कामाला पेंटरलाच बोलावलं. या खेपेला बोट झकास जमलं. टाळ्या पडल्या, बैठक झाली, अकराही जणींना परत घ्यायचं ठरलं.

कामावर दहाच आल्या. वाट बघून कंटाळलेल्या लेकीनं मावशींची खोली रिकामी करून त्यांना परगावी नेलं होतं.

त्या संध्याकाळी पेंटरनं बायकोपुढे सगळं ओकून टाकलं.

"मला कशाला सांगता? मावशींना जाऊन सांगा."

रविवारी तो बसनं गेला. मावशी नातीची वेणी घालत होत्या. त्याचं ऐकून त्या तोंडावर हात धरून हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग त्यांनी पदरानं डोळे पुसले.

"म्हणजे ते बोट आमचं नव्हतंच."

मावशींनी वेणीचा सुटलेला पेड पुन्हा हातात घेतला.

"बाकीच्या जणींना सांगू नका हं," त्या म्हणाल्या.