वयोगटानुसार अटक

वाशीम जिल्ह्यात एक पोलीस ठाणे आहे. नाव सांगत नाही. सांगितलं तर त्यांना खुलासा द्यावा लागेल. या ठाण्यातले जमादार दौलतराव यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा हरीओम गांजा ओढू लागला होता. ज्या माणसानं उभी हयात चोर पकडण्यात घालवली, त्याच्याच मोरीतून वास यावा, याला काय म्हणायचं? दौलतरावांनी ठरवलं, पोराला पुड्या विकणारी एसटी स्टँडामागची टोळी आधी उचलायची. आठवडाभरात उचललीही. सगळी पोरं विशीतली.

शाबासकीऐवजी आला तो आलेख. वरच्या कार्यालयात अमली पदार्थांच्या वर्षभरातल्या एकूण अटकांचा वयोगटानुसार आलेख निघतो, दर महिन्याला, रंगीत. त्यात अठरा ते पंचविसाचा खांब थेट शीर्षकात घुसला होता. गेल्या कित्येक वर्षांत म्हणे तो इतका उंच झाला नव्हता. ठाणेदार साहेबांनी दौलतरावांना समोर उभं करून सांगितलं की तरुण हे देशाचं भविष्य आहे आणि त्यांचं प्रमाण मार्चअखेर निम्म्यावर यायलाच हवं. दौलतरावांना वाटलं, साहेब व्यसनाबद्दल बोलताहेत. साहेब खांबाबद्दल बोलत होते.

"मंग विकणाऱ्या पोट्ट्याईले सोडून द्याचं काय, साहेब?"

"सोडायचं नाही," साहेब म्हणाले, "पकडायचंच नाही."

असा तरुण गट बंद झाला. पण एकूण अटका घटल्या तर ठाणं झोपलंय असं दिसतं, म्हणून मोर्चा ज्येष्ठांकडे वळला. महादेवाच्या देवळापुढच्या पारावर भजन आटोपलं की गांजाची चिलीम फिरायची, ती थेट पणजोबांच्या काळापासून. अख्खा पार उचलून आणला. त्यात फुलचंद होता. आता एसटीनं पंचाहत्तरीपुढं प्रवास फुकट केल्यापासून आपल्याकडे माणसं भराभर म्हातारी झाली, हे काही लपलेलं नाही. फुलचंद साठीचा, पण आधार कार्डावर अठ्ठ्याहत्तरचा होता. त्याचा मुलगा किशनही पुढच्या वर्षी पंचाहत्तरी गाठणार होता. फुलचंद हात जोडून खरं वय सांगू लागला, तेव्हा त्याला विचारण्यात आलं की मग एसटीचं तिकीट कधीपासून काढलं नाहीस? त्यानं ताबडतोब अठ्ठ्याहत्तर कबूल केले.

झालं! पंचाहत्तरीपुढचा खांब वर चढला. ज्येष्ठांमधल्या व्यसनाच्या नव्या कलाबद्दल वरून तीव्र चिंता व्यक्त झाली. त्यांचं समुपदेशन करायला रेकॉर्डवर निर्व्यसनी असलेले तरुण हवे होते, आणि स्टँडामागची पोरं जामिनावर सुटून तशी मोकळीच होती. त्यांची अटक विकण्याबद्दल होती, ओढण्याच्या रकान्यात ती धुतल्या तांदळासारखी होती. त्यांनी पारावर बसून सुटून आलेल्या म्हाताऱ्यांना फार कळकळीनं समजावलं आणि जाताना चिलीम सोबत नेली. त्यांत हरीओमही होता, छातीला बिल्ला लावून, डोळे लालभडक.

इकडे घरी हरीओमचं जेवण सुटलं. बोललेलं त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागे. आईकडे तो अशा नजरेनं बघायचा, की ही बाई कुठंतरी पाहिली आहे. शीलाबाईंचा धीर सुटला. गादीखाली सापडलेली पुडी त्यांनी नवऱ्यापुढं ठेवली.

"जगाचे पोट्टे धरता, आपल्या पोट्ट्याले काहून धरत नाही? बसवा त्याले कोठडीत. मले पोरगा पाह्यजे, इज्जत नको."

दौलतरावांचे डोळे भरून आले. बायकोचं खरं होतं. त्यांनी एका हातात पुडी आणि दुसऱ्या हातात पोराचं मनगट धरलं आणि ठाणं गाठलं.

साहेबांनी आलेख पाहिला. म्हणाले, आज मार्चअखेर, तरुण गट पूर्ण भरला आहे. हा एक वाढला तर निम्म्याच्या वर जातो, आणि एवढ्या लोकांच्या मेहनतीवर पाणी पडतं. दौलतरावांनी पाय धरले. साहेबही माणूसच, त्यांनाही वाईट वाटलं. त्यांनी पुन्हा कागद न्याहाळला.

"पन्नास ते साठमध्ये एक कमी पडतोय. पुडी सापडली ते घर कुणाच्या नावावर आहे, दौलतराव?"

"माह्या."

"वय?"

"चौपन्न."

दौलतराव सरळ मार्गाचे. खोटं बोलणं त्यांना जमलं नाही, आणि त्यांना आत घेण्यात आलं. पंचनाम्यावर पंच म्हणून सही हवी होती. हरीओम सज्ञान होता, निर्व्यसनी होता आणि जागेवर हजर होता. त्यानं सही केली.

दुसऱ्या दिवशी आलेख पेपरात छापून आला. तरुणांचा खांब निम्म्यावर! जिल्हाभर लोकांनी तो चहासोबत पाहिला, पोरं सुधरली म्हणून समाधानानं पान उलटलं. शीलाबाई त्या वेळी हरीओमच्या खोलीचं दार बडवत होत्या, आणि आतून आवाज येत नव्हता.

तुमच्याही घरात एक दार बंदच होतं. पण तुम्ही आलेख पाहिला होता, त्यामुळं ते वाजवलं नाही.