भांडायला नेलेला खाऊ

भांडणात मला हरवणारा माणूस अजून जन्माला यायचाय! हे मी नाही, कोथरूडच्या आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात. पार्किंग, पाणी, लिफ्टमधला कुत्रा, कुठलाही विषय द्या. समोरचा शेवटी "वहिनी, तुमचंच खरं" म्हणून घरी जातो. म्हणूनच इथे जपानात, त्सुकुबाच्या त्या फुसक्या साप्ताहिकाने आमच्या नागासे कान्तोकुंच्या विरोधात लागोपाठ तिसरा लेख छापला, तेव्हा मी कणीक मळता मळता जाहीर केलं, "बघच तू प्रसन्न! त्या वार्ताहराला गार करून येते!"

"कुठल्या भाषेत?" प्रसन्न म्हणाला. माझा नवरा, पोस्टडॉक माणूस. नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवतो.

कान्तोकु म्हणजे कोच. प्रसन्नच्या युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल टीमचे. आता मला फुटबॉलमधलं काय कळतं? काही नाही! ऑफसाइड समजावताना प्रसन्नने दोनदा नोकरी बदलायचा विचार केला होता. पण इथे नवीन आलो तेव्हा आमची लेक ओवी बालवाडीत तोंडच उघडायची नाही. मराठी नाही, जपानी नाही, रडणंसुद्धा नाही. संध्याकाळी तिला सायकलवर मागे बसवून मी उगाच फिरायची. अशीच एकदा मैदानाजवळ थांबले, तर एक बॉल घरंगळत ओवीच्या पायाशी आला. पलीकडून एक उंच, काळासावळा, कपाळाला कायम आठी असलेला माणूस ओरडला. मी घाबरले. पण ओवीने दोन्ही हातांनी बॉल उचलला, तुरुतुरु गेली आणि त्याला दिला. तो कमरेत वाकून म्हणाला, "आरिगातो," म्हणजे थँक्यू. आणि माझी मुलगी हळूच तेच बोलली! दुसऱ्या दिवसापासून बाहेर गेलेले बॉल आणायचं खातं ओवीकडे. तेच नागासे कान्तोकु. आता त्या माणसाच्या वाकड्यात कोणी शिरलं, तर मी गप्प बसेन का?

भानगड अशी झाली. वरच्या विभागात जायची मॅच होती आणि टीमचा हुकमी एक्का मोरी याला कान्तोकुंनी बाकावर बसवलं. कारण? "त्याने प्रयोगशाळेचे रिपोर्ट दिलेले नाहीत. देईपर्यंत खेळणार नाही." आम्ही एका गोलने हरलो.

आधी अभ्यास, मग खेळ! मराठी आईच्या कानाला याहून गोड वाक्य असेल? मी तर त्यांचा फोटो देव्हाऱ्यात ठेवायच्या बेतात होते. पण साप्ताहिकाचा वार्ताहर हिरोसे याने लिहिलं, 'कान्तोकुंचा हट्ट, टीमचं नुकसान. पद्धत जुनाट झाली आहे.' आणि येत्या शनिवारी माजी खेळाडूंची सभा होती. कान्तोकुंना ठेवायचं की नारळ द्यायचा, ते तिथे ठरणार होतं.

मैदानाच्या उतारावर बसणाऱ्या आम्हा चाहत्यांत उभी फूट पडली. एका बाजूला ओकुमुरा आजी. पूर्वी त्यांचं केस कापायचं दुकान होतं, अजूनही समोरच्याच्या मानेकडे बघत बोलतात. दुसऱ्या बाजूला शिबाता-सान, म्हणजे आपले शिबाताराव, निवृत्त पोस्टमन आणि स्वतः माजी खेळाडू. म्हणजे शनिवारी त्यांना मत!

"शिबाता-सान, आपलं म्हणणं अगदी योग्य आहे," आजी थर्मासमधला चहा त्यांच्या कपात ओतत म्हणाल्या. "फक्त हिरोसे-सान मैदानावर येऊन लिहीत असते, तर आणखी योग्य झालं असतं."

"खरंय, खरंय. पण हरलो हे मैदानावर न येताही दिसतं."

"चांगल्या दिवसांत मात्र त्यांना काहीच दिसलं नाही."

"वर्तमानपत्रवाल्याने आरती ओवाळायची असते का?" अशा अर्थाचं काहीतरी शिबाता-सान म्हणाले आणि दोघं मंद हसले.

मला वाटलं, चला, मिटलं! नंतर कळलं, त्या उतारावर एवढं कडाक्याचं भांडण कित्येक वर्षांत झालं नव्हतं. कमाल आहे! आमच्याकडे एवढ्यात खुर्च्या हलल्या असत्या. आजी तर रोज साप्ताहिकाच्या ऑफिसात फोनही करत होत्या. अतिशय नम्रपणे. तासभर.

"फोनने काय होतंय?" मी म्हटलं. "मी जाते! समोरासमोर!"

"समोरासमोर?" आजींनी चहा कपाबाहेर ओतला. मला वाटलं, कौतुकाने.

झालं, तयारीला लागले. जीन्स घालून गेलं तर कोण विचारणार? साडी सायकलच्या चाकात जाणार. मग ओवीच्या बालवाडीच्या प्रवेशसमारंभासाठी घेतलेला गडद निळा सूट चढवला. आणि आमच्या आईची शिकवण, कुणाच्या दारात रिकाम्या हाताने जायचं नाही, भांडायला गेलीस तरी! म्हणून स्टेशनजवळच्या मिठाईच्या दुकानात शिरले.

"खास भेट आहे का?" दुकानातल्या बाईंनी विचारलं.

"फार खास. एका ऑफिसात जायचंय. प्रकरण गंभीर आहे."

बाईंनी माझ्या सूटकडे पाहिलं. मग माझं बोट धरलेल्या ओवीकडे पाहिलं. त्यांचा चेहरा असा झाला, जसा आपला दहावीच्या निकालाच्या दिवशी शेजारच्या पोराला बघून होतो. "मग हे न्या," म्हणत त्यांनी योकानचा डबा काढला. योकान म्हणजे डाळीच्या पुरणाची घट्ट वडी. डबा असा जड, की आत पाटा-वरवंटा असावा! "अशा वेळी जडच बरं," त्या हळूच म्हणाल्या. ओवीला एक बिस्कीट फुकट दिलं आणि मला म्हणाल्या, "धीर धरा हं."

किती समजूतदार बाई! यांनाही हिरोसेचा लेख आवडलेला नाही, मी मनात म्हटलं.

साप्ताहिकाचं ऑफिस म्हणजे एक खोली, चार टेबलं, एक मरायला टेकलेलं झाड. मी दारात उभी राहिले. "नागासे कान्तोकुंच्या चाहत्यांच्या वतीने आले आहे," असं खणखणीत सांगितलं, दोन्ही हातांनी डबा पुढे केला आणि वाकले. डब्याच्या वजनाने जरा जास्तच वाकले. वर येईना!

मला अशी वाकलेली बघून ओवीला बालवाडीतली शिस्त आठवली. तीही शेजारी वाकली आणि छपरापर्यंत जाईल अशा आवाजात ओरडली, "गोमेन नासाऽऽई!"

म्हणजे, माफ करा! गेले कित्येक महिने जिच्या तोंडून खणखणीत शब्द काढायला मी नवस बोलत होते, तिला नेमका आत्ता कंठ फुटला!

चारही टेबलांमागची माणसं ताडकन उठली आणि वाकली. जिंकले, मला वाटलं! काय वट आहे! म्हणून मी पुन्हा वाकले. ते आणखी वाकले. हिरोसे हा चष्मा लावलेला कोवळा मुलगा निघाला, त्याचे डोळे पाणावले होते. "लहान मुलीला घेऊन... एवढ्या लांब... सायकलवरून?"

मग मी सुरू झाले. पाठ केलेले सगळे मुद्दे घडाघडा मांडले. खेळ चार वर्षांचा, पदवी जन्माची! ज्याने पोराला अभ्यासाला बसवलं, त्याला दोष कसला देता? हा माणूस माझ्या मुक्या मुलीशी बोलला होता, तुम्ही त्याच्याशी एकदा तरी बोललात का? शेवटी मलाच रडू आलं. हिरोसे मान डोलवत भराभर लिहून घेत होता. संपादकांनी आमचा फोटो काढला. मी घरी येऊन प्रसन्नला म्हटलं, "गार! पार बर्फ!"

अंक आला. मथळा: 'कान्तोकुंच्या चाहत्यांकडून दिलगिरी.' खाली फोटो. मी वाकलेली, ओवी वाकलेली, मध्ये डबा.

"आमच्या प्रोफेसरांनीच दाखवला," प्रसन्न म्हणाला. "विचारत होते, घरी सगळं ठीक आहे ना?"

"पण मी दिलगिरीचा शब्दसुद्धा काढला नाही! ओवीने काढला!"

ओकुमुरा आजी दारात हजर. त्यांनी ज्या नजरेने माझ्या मानेकडे पाहिलं, ती मी विसरणार नाही. "गडद सूट, जड योकान, दोन्ही हात पुढे! कश्मिरा-सान, आमच्याकडे बँक बुडाली तरी माफी मागायला एवढंच करतात! माझ्या फोनबद्दल तुम्ही माझ्या वतीने माफी मागून आलात!"

आता मला दुकानातल्या बाईंचा चेहरा समजला. शनिवारच्या सभेत हाच अंक वाचला जाणार. 'बघा, त्यांच्या माणसांनाच मान्य आहे,' असं म्हणणार. कान्तोकु जाणार, माझ्यामुळे! आणि ओवीने बॉल कोणाला नेऊन द्यायचा?

शनिवारी आम्ही उतारावर बसलो होतो. प्रसन्नही आला होता, मला सावरायला की लपवायला, माहीत नाही. आजी माझ्याशी बोलत नव्हत्या, फक्त चहा देत होत्या. समोर सभेच्या हॉलचं दार उघडलं आणि शिबाता-सान धापा टाकत आले.

"राहिले! कान्तोकु राहिले!"

"काय?" मी किंचाळले.

"अध्यक्षांनी तुमच्यावरचा लेख मोठ्याने वाचला. अभ्यासाचं, मुलीचं, सगळं. मग म्हणाले, चाहत्यांनी इतकी मनापासून माफी मागितल्यावर विषय संपला. आता कान्तोकुंना काढलं, तर आपल्याला योकान घेऊन त्या बाईंकडे जावं लागेल!"

"आणि तुमचं मत?" आजींनी कात्री चालवल्यासारखं विचारलं.

"कान्तोकुंनाच. मॅच हरलो ती त्यांच्यामुळे, हे छापून आलं ते बरोबरच आहे. म्हणून काय काढायचं?"

"मग एवढे दिवस माझ्याशी वाद कशाला घातलात?"

"तुम्ही वाद घालताना चहा जास्त देता."

मी ओवीला उचलून गरागरा फिरवलं! उतारावर आम्ही असा काही गोंधळ घातला, की सरावाला आलेली पोरं थांबून बघत राहिली. मोरी कुठे होता? लायब्ररीत!

तेवढ्यात कान्तोकु स्वतः समोर येऊन उभे राहिले. आठी जागच्या जागी. आता आभार मानणार, मी पदर नसताना पदर सारखा केला.

"मी चूक केली असं मला वाटत नाही," ते म्हणाले.

"मलाही नाही वाटत!"

"मग माफी का मागितलीत?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आजी, शिबाता-सान, प्रसन्न. माफी मागितली म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर सभेचा निर्णय पाण्यात!

"खरं सांगू?" मी अगदी हळू आवाजात म्हटलं. "मी भांडायला गेले होते."

कान्तोकुंचे खांदे हलायला लागले. आठी मोडली. तो माणूस हसत होता! ओवीने माझा हात सोडला आणि त्यांच्याकडे धावत गेली.

"ओकुसान," म्हणजे आपल्याकडचं 'वहिनी', असं ते डोळे पुसत म्हणाले, "फार छान भांडता!"

मी विजयी मुद्रेने नवऱ्याकडे वळले. "ऐकलंस?"

"ऐकलं ना," प्रसन्न म्हणाला. "घरी पण असंच भांडत जा. वाकून. खाऊ घेऊन."