एका काजव्याचा चित्रपट

बाळांनो, एका जंगलात वाघ होता, पाणवठा होता आणि शुक्रवारही होता.

शुक्रवार असला की नवा चित्रपट लागतो. या जंगलातही लागायचा. डोंगराच्या पोटात एक मोठी गुहा होती. तिचे मालक भालेराव. भालेराव अस्वल होते. गुहेच्या आतल्या भिंतीवर चित्रपट दिसायचा. तो कसा दिसायचा हे कुणी विचारत नसे. तुम्हीही विचारू नका.

शुक्रवारी चित्रपट लागला की शनिवारी सकाळी ‘दैनिक डरकाळी’त त्याचं परीक्षण यायचं. ते लिहायच्या कमलजाबाई. बाई साळिंदर होत्या, त्यामुळे लेखणी आणायला कुठे जावं लागत नसे. पाठीवरचा एक काटा उपटायचा आणि लिहायला बसायचं. उपटताना दुखायचं. बाई म्हणायच्या, दुखलं नाही तर परीक्षण नीट उतरत नाही.

‘डरकाळी’ पाणवठ्याजवळच्या वडाच्या खोडावर लावली जाई. परीक्षणाखाली खरेखुरे काजवे बसत. उत्तम चित्रपटाला पाच, टाकाऊला एक, मधल्यांना मधले. कधी कधी बाई साडेतीन देत. अशा वेळी चौथ्या काजव्याने नेमकं काय करायचं, हा प्रश्न काजव्यांच्या संघटनेने संपादकांकडे नेला होता. संपादक गवेकर, म्हणजे रानगवा, त्यावर विचार करत होते.

कमलजाबाई खोटं लिहीत नसत. ‘खूर आणि खंजीर’बद्दल त्यांनी लिहिलं होतं, “नायक एकटा सगळ्या लांडग्यांना लोळवतो. लांडगे आपापली पाळी येईपर्यंत रांगेत उभे राहतात. चित्रपटात शिस्त आहे ती एवढीच.” एक काजवा.

‘सीमेवरचा सांबर’बद्दल लिहिलं, “शेजारच्या जंगलाशी झालेल्या लढाईत आपण जिंकतो. ती लढाई झालीच नव्हती, एवढं सांगायचं दिग्दर्शकाकडून राहून गेलं आहे.” दीड काजवा.

‘पिंपळावरची सवत’ हा भयपट होता. “भुताला पाहून आम्ही घाबरलो नाही. संवाद म्हणताना भूत मात्र घाबरलेलं वाटलं.” दोन काजवे, त्यातला एक पिंपळाला.

आणि ‘तू बुलबुल, मी साप’ ही प्रेमकथा. “या प्रेमाला दोन्ही घरांचा विरोध आहे. आमचाही आहे.” पुन्हा एक.

सगळं जंगल बाईंचं परीक्षण वाचायचं. पहिल्या पानावर वाघाचं भाषण असायचं, ते कुणी वाचत नसे. आधी शेवटचं पान. मन लावून, एकेक ओळ. वाचून झालं की जंगल नेमकं उलटं करायचं.

“बाईंना आवडलाय?” रानडुकरीण लांबूनच विचारायची.

“पाच काजवे,” रानडुक्कर सांगायचा.

“मग नको. मागे एकदा पाचाचा पाहिला. पोरं झोपली आणि तुम्ही रडलात.”

“रडलो नाही. गुहेत धूर होता.”

“सकाळच्या खेळाला काय आहे?”

“‘खूर आणि खंजीर’. एकच काजवा दिलाय.”

“मग तोच पुन्हा पाहू.”

हे बाईंच्या कानावर होतं. त्या त्याबद्दल बोलत नसत. एकदा ‘खूर आणि खंजीर’चे निर्माते तरसशेठ रताळी घेऊन घरी आले.

“बाई, शुक्रवारी भाग दुसरा येतोय. जरा झोडपा.”

“मी पाहून लिहिते.”

“म्हणूनच तर मी निर्धास्त आहे,” तरसशेठ म्हणाले आणि हसले. ते तसेही हसतच असत.

बाईंनी रताळी परत पाठवली. चित्रपट पाहिला. झोडपला. तो पावसाळा उलटेपर्यंत चालला.

आता या जंगलात अच्युतराव खवले नावाचे एक दिग्दर्शक होते. अच्युतराव म्हणजे खवल्या मांजर. फार भिडस्त. कुणी मोठ्याने बोललं तरी ते अंगाचा गोळा करून घेत. त्यांनी आजवर दोन चित्रपट काढले होते. ‘एका वारुळाची दुपार’ आणि ‘पान पडतं तेव्हा’. दोन्हींना कमलजाबाईंनी पाच पाच काजवे दिले होते. दोन्ही चित्रपट रविवारी उतरले होते.

तिसरा लागायच्या आदल्या दिवशी अच्युतराव बाईंकडे आले. दारातच बसले.

“आत या,” बाई म्हणाल्या.

“नको. इथे बरं आहे. बाई, हा बहुधा माझा शेवटचा.”

“का?”

“भालेराव म्हणाले, शनिवारीही गुहा रिकामी राहिली तर यापुढे माझा चित्रपट लावणार नाहीत. त्यांचंही बरोबर आहे. त्यांना पिल्लं आहेत.”

“येतील लोक,” बाई म्हणाल्या. हे परीक्षण नव्हतं, म्हणून त्यांना म्हणता आलं.

“लोकांचं राहू द्या. चित्रपट म्हणजे काय ते मी तुमचं वाचून शिकलो. दोन्ही वेळा गुहा ओस पडली, पण तुम्ही लिहिलं होतंत. तेवढ्यावर मी तिसरा काढला.” ते उठले. “तुम्ही पाहाल ना?”

बाईंनी पाहिला. गुहेत त्या होत्या आणि वटवाघळं होती. वटवाघळं तिथेच राहत असल्यामुळे त्यांना प्रेक्षक म्हणता येत नाही.

चित्रपटाचं नाव ‘ओढा येईल’. एक म्हातारी हरिणी कोरड्या ओढ्यापाशी येते. चिखल वाळून भेगाळलाय. त्या चिखलाखाली एक बेडूक निजलाय. तो खालूनच सांगतो, पाणी येईल. हरिणी थांबते. कळप पुढे निघून जातो. ती थांबते. बेडूक बोलायचा बंद होतो, तरी थांबते. शेवटी ती गुडघे टेकून चिखलाला कान लावते. पाणी येतं की नाही ते दिसत नाही. तिचा चेहरा दिसतो.

रागाने साळिंदराचे काटे उभे राहतात, हे सगळ्यांना माहीत आहे. ते दुसऱ्याही कशाने उभे राहतात, हे बाईंना त्या दिवशी कळलं.

बाहेर भालेराव उभे होते. “कसा वाटला?”

“फार सुंदर.”

भालेराव वळले आणि दारावरचं चित्र काढायला लागले.

“उद्याचा दिवस आहे ना अजून,” बाई म्हणाल्या.

“तुम्ही फार म्हणालात,” भालेराव म्हणाले. “नुसतं सुंदर म्हणाला असतात तर दुपारपर्यंत ठेवला असता.”

घरी येऊन बाई लिहायला बसल्या. पहिलं वाक्य लिहिलं, ‘अनेक वर्षांत असा चित्रपट या जंगलात झाला नाही.’ ते खरं होतं. त्यांनी ते वाचलं आणि त्यांच्या डोळ्यांसमोर रानडुकरीण उभी राहिली. मग रिकामी गुहा. मग दारात बसलेले अच्युतराव. आपण हे पान छापायला दिलं की उद्या दुपारी या हरिणीला ठार करणार ते आपणच, असं त्यांच्या मनात आलं. तिला वाचवायचा एकच उपाय होता, आणि तो त्यांनी जन्मात कधी केला नव्हता.

त्यांनी पान फाडलं. दुसरा काटा उपटला. या वेळी दुखलं नाही.

बाळांनो, खोटं लिहिणं अवघड असतं असं मोठी माणसं सांगतात. बाईंनाही तसंच वाटत होतं. पण लेखणी सरसर धावू लागली. कौतुक करताना त्यांना शब्द सापडत नसत. ‘हृदयस्पर्शी’ आणि ‘तरल’ या दोघांवर त्यांनी वर्षानुवर्षं भागवलं होतं. इथे मात्र वाक्य वाक्याला बोलावत होतं.

“हरिणी पाण्याची वाट बघते. आम्ही चित्रपट संपण्याची बघत होतो. तिची वाट वाया गेली की नाही ते कळत नाही, आमची गेली. अख्ख्या चित्रपटात गाणं नाही, पाठलाग नाही, वाघ नाही. एकच पात्र बोलतं आणि तेही चिखलातून. त्या हरिणीने दरीवरून एखादी उडी मारली असती तर तिलाही बरं वाटलं असतं. खवले यांनी आता तरी प्रेक्षक जागे असतात असं समजून चित्रपट काढावा.”

एक काजवा.

गवेकरांनी ते दोनदा वाचलं. “बाई, पुष्कळ दिवसांनी इतकं फर्मास लिहिलंत. काजवा एकच ना? अर्धा कुठे नाही ना?”

“एकच.”

“फार छान.”

शनिवारी गुहेबाहेर रांग लागली. रांगेत रानडुकरीण सर्वांत पुढे होती. भालेरावांनी चित्र पुन्हा दारावर चढवलं.

प्राणी टवाळी करायच्या तयारीने आत बसले. सुरुवातीला माकडांनी शिट्ट्या मारल्या. बेडूक बोलला तेव्हा कोल्हे हसले. मग हळूहळू कुणी हसेना. हरिणीने चिखलाला कान लावला तेव्हा गुहेत वटवाघळांच्या पंखांचा आवाज ऐकू येत होता. बाहेर पडताना रानडुक्कर डोळे पुसत होता. धुराचं नाव त्याने काढलं नाही.

“बाईंना कळला नाही हो,” तो सांगत सुटला. “आपल्यासारख्याला कळतो तो त्यांना कळला नाही.”

हे ज्याला त्याला फार आवडलं. आपल्याला जे कळलं ते बाईंना कळलं नाही, हे पाहायला जंगल लोटलं. काहीजण तर दोनदा गेले. बाईंचं वय झालं, असं पाणवठ्यावर बोललं जाऊ लागलं. बाई तिथे पाणी प्यायला येत तेव्हा सगळे जागा करून देत आणि त्यांच्याकडे जरा दयेने बघत.

बाईंना त्याचं काही वाटलं नाही. त्या आनंदात होत्या. हे सांगायला त्या अच्युतरावांकडे निघाल्या.

अच्युतराव बिळाच्या तोंडाशी गोळा होऊन पडले होते. परीक्षण वाचलं त्या घटकेपासून ते तसेच होते. गुहेकडे ते गेलेच नव्हते.

“अच्युतराव, गुहा भरलीय. रोज भरते.”

गोळा हलला नाही.

“मी लिहिलं ते खोटं होतं. लोकांनी यावं म्हणून लिहिलं. इतका चांगला चित्रपट मी पाहिलेला नाही.”

मग गोळ्याच्या आतून बारीक आवाज आला. “तुम्ही खोटं लिहिता, बाई?”

“हे एकच.”

“मग आधीचे पाच पाच काजवे?”

“ते खरे होते.”

“हे मी कशावरून ओळखायचं?”

बाई तिथेच बसून राहिल्या. ऊन कलायला लागलं तेव्हा अच्युतरावांनी नाक बाहेर काढलं.

“खरंच गुहा भरतेय?”

“रांग लागतेय.”

“आणि तुम्हाला आवडला, म्हणून एक काजवा.”

“हो.”

“ठीक आहे,” अच्युतराव म्हणाले. त्यांनी शेपटी सोडवली. “पण तुमचे मुद्दे डोक्यातून जात नाहीत, बाई. गाण्याचा. दरीचा. लोक जागे असतात, त्याचा. ते फार नेमके होते.”

“ते मी उगीच लिहिलं.”

“उगीच लिहिलेलं इतकं चांगलं उतरतं?”



पुढच्या हंगामात अच्युतरावांचा चौथा चित्रपट आला. आता भालेराव स्वतः त्यांच्या मागे लागले होते आणि पैसा तरसशेठनी घातला होता. नाव ‘ओढा पेटला’. हरिणी या वेळी तरुण होती. तिने दरीवरून उडी मारली, मग परत येऊन पुन्हा मारली. बेडूक चिखलातून बाहेर आला तो गातच. पाठलाग होता. वाघ होता. पाणी भरपूर आलं, इतकं की शेवटी त्यात सगळे लांडगे वाहून गेले.

कमलजाबाईंनी पूर्ण पाहिला. बाईंनी लिहिलेल्या त्या खोट्या परीक्षणातलं एकूणएक वाक्य तिथे भिंतीवर चालत होतं. घरी आल्या. काटा उपटला. दुखलं, फार दुखलं. आपल्याला वाटलं तेच त्यांनी लिहिलं. शब्दाला शब्द लागत नव्हता. “हा चित्रपट वाईट आहे. याच दिग्दर्शकाला एकदा एका चेहऱ्यावर थांबता येत होतं.” आणि खाली, एक काजवा.

शनिवारी गुहेबाहेर इतकी गर्दी झाली की भालेरावांनी दुपारचा आणखी एक खेळ लावला.

संध्याकाळी अच्युतराव बाईंकडे आले. दारात बसले नाहीत, सरळ आत आले. शेपटी ताठ होती. त्यांनी बाईंच्या पायाला हात लावला.

“अच्युतराव,” बाई म्हणाल्या, “मी जे लिहिलंय ते…”

“काही बोलू नका. मला कळलं.” अच्युतरावांचे डोळे भरून आले होते. “मागच्या वेळी मी मूर्खासारखा गोळा होऊन बसलो. आता मला वाचता येतं. एक काजवा, बाई. ‘ओढा येईल’ला दिला होतात तोच.”

खवल्या मांजराला इतकं आनंदात बाईंनी कधी पाहिलं नव्हतं.

“खरं सांगा,” अच्युतराव म्हणाले. “मागच्यापेक्षाही चांगला झालाय ना?”

“बसा,” बाई म्हणाल्या. “रताळी खाणार?”

तात्पर्य : एकदा मनापासून खोटं बोलून टाकावं. त्यानंतर जन्मभर खरं बोललं तरी कुणाचं मन दुखत नाही.